मुलांसाठी परीक्षेचे विषय निवडताना

दहावीचा निकाल लागला म्हणजे घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : पुढे कोणते विषय घ्यावयाचे? पुण्यामुंबईकडील घरात या प्रश्नाचा अर्थ बहुधा विज्ञान, वाणिज्य की कला एवढाच असतो. बीदर शहराच्या उत्तरेस मांजरेच्या खोऱ्यात वसलेल्या जनवाड्यासारख्या गावी मात्र या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला असतो, आणि तो भाषेचा असतो. घरात मराठी, बाजारात कन्नड, शेजारी दखनी उर्दू, कचेरीत पुन्हा कन्नड आणि उच्च शिक्षणाच्या दाराशी इंग्रजी, अशा वातावरणात येथील मराठी मूल वाढते. त्याला एखादा विषय येत नाही असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्याला विषय येत नाही की तो ज्या भाषेत विचारला गेला ती भाषा येत नाही, याचा निवाडा प्रथम व्हावयास हवा. पुष्कळदा तो होत नाही. विषय बदलला जातो, अडचण मात्र जागच्या जागीच राहते.

ही गुंतागुंत आजची नव्हे. निजामाच्या राजवटीत बीदर जिल्ह्यातील उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले तेच उर्दू माध्यम स्वीकारून. सप्टेंबर १९४८ मध्ये ती राजवट संपली आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुना बीदर जिल्हाच विभागला गेला. उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले; बीदर, भालकी, हुमनाबाद व औराद हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आला. त्यामुळे या भागातील अनेक कुटुंबांत पणजोबा उर्दूतून शिकले, आजोबा मराठीतून, वडील मराठी-कन्नडातून, आणि नातू इंग्रजीतून शिकत आहे असे दृश्य दिसते. प्रत्येक पिढीच्या वडीलधाऱ्यांना पुढच्या पिढीचे पाठ्यपुस्तक अर्धेमुर्धेच वाचता येते. मुलाला विषय निवडण्यास साहाय्य करावे असे या वडिलांना मनापासून वाटते. पण ज्या पुस्तकाविषयी बोलावयाचे तेच त्यांच्या हाती परके असते.

कर्नाटकातील दहावीच्या परीक्षेची रचना पाहिली म्हणजे भाषेच्या निवडीचे वजन लक्षात येते. २०२५ सालापर्यंतच्या परीक्षांत एकंदर ६२५ गुण होते. त्यांपैकी पहिल्या भाषेला १२५, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेला प्रत्येकी १००, आणि गणित, विज्ञान व समाजविज्ञान यांना प्रत्येकी १००. याचा साधा हिशेब असा की तीन भाषा मिळून ३२५ गुणांच्या आणि उरलेले सर्व ज्ञान मिळून ३०० गुणांचे! ज्याला ‘मुख्य विषय’ म्हणतात, ते गणित आणि विज्ञान दोन्ही एकत्र घेतले तरी २०० गुणच होतात. तथापि शिकवणी लावावयाची झाल्यास ती गणिताची लागते. भाषा आपोआप येते असा सर्वांचा समज असतो. तीन लिप्या आणि तीन व्याकरणे सांभाळणाऱ्या मुलाच्या बाबतीत हा समज फारच महाग पडतो.

या तीन भाषांचा क्रम दहावीत ठरत नाही, तो सहाव्या वर्षी ठरतो. पहिल्या इयत्तेत मूल मराठी शाळेत घातले तर मराठी ही त्याची पहिली भाषा होते. कन्नड शाळेत घातले तर कन्नड. आणि बीदरच्या इंग्रजी शाळेत घातले तर बहुधा इंग्रजी, कन्नड व हिंदी हे त्रिकूट त्याच्या वाट्याला येऊन मराठी वेळापत्रकातून नाहीशी होते. त्या जून महिन्यात कोणी ‘आपण परीक्षेचे विषय निवडत आहो’ असे म्हणत नाही. शाळा जवळ आहे का, मोटार दारात येते का, शेजारचा मुलगा कोठे जातो, एवढेच पाहिले जाते. परंतु दहावीच्या ६२५ गुणांतील निम्म्याहून अधिक गुणांची निवड खरोखर त्या दिवशी होऊन जाते. चौदाव्या वर्षी मोठ्या विचारविनिमयाने जे निवडले जाते ते उरलेल्या भागातले असते.

राज्याच्या कायद्यानेही येथे काही मर्यादा घालून दिल्या आहेत. कर्नाटकाच्या २०१५ सालच्या कन्नड भाषा अध्ययन कायद्याने राज्यातील शाळांत कन्नड ही अनिवार्य भाषांपैकी एक केली, आणि तिची अंमलबजावणी इयत्तावार, टप्प्याटप्प्याने सुरू झाली. त्यापूर्वीचा इतिहास वादांचा आहे. गोकाक समितीने १९८१ साली कन्नडला शाळेत एकमेव पहिल्या भाषेचे स्थान द्यावे असे सुचविले, त्यासाठी मोठे आंदोलन झाले, शासनाचे आदेश निघाले आणि ते न्यायालयात गेले. शेवटी ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने असा निर्णय दिला की प्राथमिक शाळेत मातृभाषेचेच माध्यम घ्यावे अशी सक्ती राज्याला करता येणार नाही. माध्यमाची निवड मुलाच्या वतीने पालकाची आहे, आणि मुलाची मातृभाषा कोणती हे ठरविण्याचा अधिकारही पालकाचाच आहे. प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील राज्य शिक्षण धोरण आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये अहवाल सादर करून तीनऐवजी दोन भाषांची शिफारस केली. शिफारस म्हणजे आदेश नव्हे. म्हणून आपले मूल ज्या वर्षी नववीत जाईल त्या वर्षी कोणत्या भाषांचे किती गुण धरले जातात, हे मुख्याध्यापकांना समक्ष विचारून घेणे एवढेच पालकाने करावे. गावातील चर्चेवर विसंबून राहू नये.

न्यायालयाने निवडीचा अधिकार पालकाला दिला हे खरे. पण अधिकार मिळाला म्हणून निवड सोपी झाली असे नाही. मराठी पहिली भाषा घेणाऱ्या मुलाला घरचा आधार असतो. गणित, विज्ञान, समाजविज्ञान यांच्या प्रश्नपत्रिका कर्नाटकात मराठी माध्यमातूनही निघतात, आणि मूल जे समजते तेच लिहू शकते. या लाभाची किंमत मात्र पुढे द्यावी लागते. राज्यातील व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात पहिली ते दहावी कन्नड माध्यमातून शिकलेल्यांसाठी ५ टक्के जागा असतात. मराठी माध्यमाच्या मुलाला त्या मिळत नाहीत. राज्य शासनाच्या नोकरीत कन्नड अटळ आहे, मग ती ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्याची असो की महसूल खात्यातील असो. म्हणून मराठी माध्यमातील मुलाने कन्नड हा केवळ उत्तीर्ण होण्यापुरता विषय मानला तर तो आपल्याच जिल्ह्यात पाहुणा होतो. कन्नड शिकल्याने मराठी उणावते ही भीती निराधार आहे. द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी होती, आणि तेच कन्नडचे थोर कवी झाले. १९७३ सालचे ज्ञानपीठ पारितोषिक त्यांना कन्नड काव्याबद्दल मिळाले, आणि त्यांनी मराठीतही लेखन केले.

आता मूळ मुद्द्याकडे वळावयाचे. विषय येत नाही की भाषा येत नाही, हे घरच्या घरी कसे ओळखावे? याला विद्वत्ता लागत नाही. समजा, एक मुलगी बीदरच्या इंग्रजी शाळेत नववीत आहे. विज्ञानात तिला शंभरात बेचाळीस गुण पडले. वडील म्हणतात, “विज्ञान हिच्या डोक्यात शिरत नाही, हिला कला शाखेत घालू.” त्या संध्याकाळी आजीने तिला विचारावे, “बाई गं, विहिरीवरची लोखंडी बादली गंजते आणि पितळी घागर का गंजत नाही?” किंवा, “दुधात विरजण घातल्यावर रात्रीतून काय होते?” मुलगी जर मराठीत नीट, क्रमाने, कारण देऊन सांगत असेल तर तिच्या डोक्यात विज्ञान शिरलेले आहे, बाहेर पडताना ते इंग्रजी वाक्यात अडकते एवढेच. उलट, मराठीतही ती गोंधळली, धडा पाठ केल्यासारखे चार शब्द उच्चारून थांबली, तर मात्र विषयच कच्चा आहे. दोन्ही रोगांना औषध निराळे. पहिल्यात रोज अर्धा तास इंग्रजी वाक्यरचना करून घ्यावी लागेल, दुसऱ्यात प्रयोग आणि उदाहरणे लागतील. पहिल्या रोगावर विषय बदलण्याचे औषध देणे म्हणजे पायात काटा रुतला म्हणून प्रवासच रद्द करण्यासारखे आहे.

गणितात हा फरक आणखी स्पष्ट दिसतो. नुसती समीकरणे सोडविणारी मुले शाब्दिक उदाहरणापाशी थबकतात. आगगाडीचा वेग थोडा अधिक असता तर किती वेळ वाचला असता, अशा उदाहरणातील ‘असता तर’ हे मुलाला कळलेले असते. इंग्रजीतील त्याचे रूप मात्र त्याला कळत नाही. तेच उदाहरण वडिलांनी बीदर-औराद मोटारीचे करून मराठीत सांगावे आणि मुलगा ते सोडवितो की नाही पाहावे. सोडविले, तर त्याचे गणित चांगले आहे, आणि गणित सोडून देण्याचा सल्ला देणाऱ्या गृहस्थांचे आभार मानून त्यांना निरोप द्यावा.

मराठी किंवा कन्नड माध्यमातून दहावी झालेल्या मुलांची खरी परीक्षा अकरावीत, म्हणजे पीयूसीच्या पहिल्या वर्षी होते. विज्ञान शाखेचे अध्यापन तेथे मुख्यतः इंग्रजीतून चालते. मार्चमध्ये जो विद्यार्थी वर्गात पहिला होता तोच ऑगस्टमध्ये मागल्या बाकावर जाऊन बसतो, आणि वर्षअखेर घरचे म्हणतात, विज्ञान त्याला झेपले नाही. या पडझडीला आवर घालण्याचा एक साधा उपाय आठवीपासून करता येतो : एक वही करावी आणि तिच्या प्रत्येक पानावर तीन स्तंभ आखावेत. मराठीत ‘प्रकाशसंश्लेषण’, कन्नडात ‘द्युतिसंश्लेषणे’, इंग्रजीत ‘फोटोसिंथेसिस’. मराठीत ‘त्वरण’, कन्नडात ‘वेगोत्कर्ष’, इंग्रजीत ‘ॲक्सिलरेशन’. मराठीत ‘क्षेत्रफळ’, कन्नडात ‘विस्तीर्ण’, इंग्रजीत ‘एरिया’. या वहीत गंमतही सापडते. मराठीत विस्तीर्ण म्हणजे अफाट पसरलेले. कन्नडात मात्र चार हात लांबीरुंदीच्या अंगणाचेही विस्तीर्ण काढता येते. ‘आम्ल’ दोन्ही भाषांत आम्लच. रोज पाच शब्द लिहिले तरी तीन वर्षांत पाच हजारांच्या घरात जातात, आणि शाळेच्या विज्ञानात लागणाऱ्या परिभाषेहून ही संख्या पुष्कळ अधिक आहे. म्हणजे रोज दोन शब्द लिहिले तरी पुरे.

दहावीनंतरच्या विषयसमूहांविषयी गावात जी माहिती पसरते ती आद्याक्षरांच्या रूपाने पसरते. पीसीएमबी म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र. पीसीएमसी म्हणजे जीवशास्त्राऐवजी संगणकशास्त्र. एचईपीएस म्हणजे इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र. यांच्या जोडीला दोन भाषा असतात, आणि महाविद्यालयात सोय असल्यास त्यांतील एक मराठीही असू शकते. पहिल्या समूहाचे आकर्षण मोठे आहे, कारण त्यात दोन्ही दारे उघडी राहतात असे म्हणतात : जीवशास्त्रामुळे वैद्यकाचे आणि गणितामुळे अभियांत्रिकीचे. हे म्हणणे खोटे नाही. पण दार उघडे राहणे आणि त्यातून आत जाता येणे या भिन्न गोष्टी आहेत. वैद्यकासाठीच्या नीट परीक्षेत ७२० पैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे. तेथे गणिताला काहीच गुण नाहीत. अभियांत्रिकीच्या प्रवेशात कर्नाटकाने अर्धे वजन पीयूसीतील भौतिक-रसायन-गणिताच्या गुणांना आणि अर्धे सीईटीला दिले आहे; तेथे जीवशास्त्राचा उपयोग नाही. चारही विषय बेताचे येणाऱ्या मुलाला दोन्ही दारे उघडी ठेवण्याच्या नादात दोन्हीकडे थोडे थोडे कमी पडते. ज्याला चारही मनापासून आवडतात त्याने ते अवश्य घ्यावेत. इतरांनी सोळाव्या वर्षी एक दार लावून घेतले तर त्यात काही अनर्थ होत नाही.

ही निवड किती लवकर करावी याविषयी आपल्या देशात दोन मते होऊन गेली. मुदलियार आयोगाने १९५२-५३ मध्ये माध्यमिक शाळेतच मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेती, ललितकला आणि गृहविज्ञान असे सात गट सुचविले. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने आपला गट ठरवावा अशी ती कल्पना होती. पुढे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने हे फार लवकर होते असे मानून पहिली दहा वर्षे सर्वांना सामान्य शिक्षण द्यावे आणि फाटे त्यानंतर फोडावेत असे सांगितले. आजची दहावी-बारावीची रचना या दुसऱ्या विचारावर उभी आहे. जुन्या मॅट्रिकच्या काळात पुष्कळ मुलींना बीजगणित-भूमितीऐवजी सोपे गणित आणि गृहशास्त्र देण्यात येई, आणि पुढे विज्ञानाकडे जाण्याची त्यांची वाट त्याच दिवशी बंद होई. तेव्हा तो सल्ला मायेनेच दिलेला असे. आजही ‘मुलीला झेपेल ते द्या’ हे वाक्य मायेनेच उच्चारले जाते. म्हणून ते अधिक जपून ऐकावे.

मुलींच्या बाबतीत विषयाची निवड अनेकदा मोटारीच्या वेळापत्रकावरून होते, हे सत्य सांगितले पाहिजे. जवळच्या महाविद्यालयात विज्ञान नसेल तर मुलगी कला शाखा घेते, आणि तिला कलेची आवड आहे असे नंतर म्हटले जाते. जून २०२३ मध्ये कर्नाटकात ‘शक्ती’ योजना सुरू होऊन राज्य परिवहनाच्या साध्या मोटारींतून स्त्रियांचा राज्यातील प्रवास विनामूल्य झाला, तेव्हा बीदरला जाण्यायेण्याच्या खर्चाचे कारण उरले नाही. संध्याकाळच्या शेवटच्या मोटारीची चिंता उरते, आणि ती खरी आहे. तिचा विचार मोकळेपणाने करावा, दोन-तीन मुलींनी मिळून एकच महाविद्यालय घेतल्यास ती निम्मी होते. पण मोटारीची अडचण ही मुलीची आवड म्हणून नोंदवू नये.

या भागातील मराठी घरांना आणखी एक मोह असतो, तो सीमेपलीकडचा. लातूरच्या शिकवण्यांचा लौकिक मोठा. उदगीर तर हाकेच्या अंतरावर वाटते. आणि तेथे मराठी बोलली जाते. म्हणून दहावी कर्नाटकात आणि अकरावी-बारावी महाराष्ट्रात असा बेत अनेक घरांत होतो. हा बेत करण्यापूर्वी कागद पुढे घेऊन बसावे. महाराष्ट्रात व्यावसायिक प्रवेशासाठी राज्याचा उमेदवार ठरण्यास सामान्यतः दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातून आणि अधिवास लागतो. वादग्रस्त सीमाभागातील मराठी भाषक उमेदवारांसाठी तेथील तंत्रशिक्षण प्रवेशांत वेगळी तरतूद आहे; पण महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांच्या यादीत आपले गाव असावे लागते आणि तसे दाखले जोडावे लागतात. यादी समक्ष पाहिल्याशिवाय तिच्या भरवशावर बेत करू नये.

कर्नाटकात राहणाऱ्या मुलाच्या पदरात काय आहे तेही मोजावे. घटनेच्या ३७१-ञ या अनुच्छेदाखाली, २०१३ च्या आदेशाने, बीदर-कलबुर्गीसह तेव्हाच्या हैदराबाद-कर्नाटक विभागातील महाविद्यालयांत ७० टक्के जागा आणि राज्यस्तरीय संस्थांत ८ टक्के जागा या विभागातील स्थानिक विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवल्या गेल्या. पहिली ते दहावी खेड्यातील शाळेत शिकलेल्यांसाठी १५ टक्के ग्रामीण जागा असतात, त्या वेगळ्या. आठवीत चांगल्या शाळेच्या आशेने जे मूल शहरात हलविले जाते त्याचा हा ग्रामीण हक्क त्या हलविण्याबरोबर जातो, आणि हे सहसा बारावीनंतर, अर्ज भरताना ध्यानात येते. तेव्हा काही करता येत नाही. शहरातील शाळा खरोखरच तितकी चांगली असेल तर हा हक्क सोडणेही शहाणपणाचे ठरेल. पण काय सोडले हे सोडताना ठाऊक असावे. ज्या शाळेतून मूल बाहेर पडते तिच्याकडून इयत्तावार अध्ययनाचा दाखला तेव्हाच घेऊन ठेवावा. दहा वर्षांनी तो मिळविण्यासाठी किती हेलपाटे पडतात ते ज्यांनी घातले त्यांना विचारावे.

डॉक्टर आणि इंजिनिअर या दोन शब्दांपलीकडे बीदरमध्येच काय उपलब्ध आहे याची दखल फारशी घेतली जात नाही. शहराजवळ नंदीनगर येथे राज्याचे पशुवैद्यकीय, पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठ आहे. जनवाड्याच्या परिसरातील जे मूल गोठ्यात वाढले, गाय व्यायला आली हे जे चालीवरून ओळखते, त्याच्या दृष्टीने हा अभ्यासक्रम परका नव्हे. त्यासाठी जीवशास्त्र लागते. शेती व पशुवैद्यक अभ्यासक्रमांत शेतकरी कुटुंबातील मुलांसाठी जागा राखीव असतात आणि त्यांसाठी शेतीच्या माहितीची प्रत्यक्ष कसोटी घेतली जाते. ज्या ज्ञानाला शाळेत एकही गुण नव्हता त्याला येथे मोल येते. ज्याचा हात यंत्रावर चालतो पण पाठांतर नकोसे वाटते त्याला दहावीनंतर तीन वर्षांच्या तंत्रनिकेतन पदविकेची वाट आहे, आणि तेथून पुढे अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळविता येतो. वाणिज्य शाखेला खेड्यात अजून पुरेसा मान नाही. वास्तविक ज्या घरात अडतीचा हिशेब मूल तोंडी करते त्या घराने तिचा विचार प्रथम करावयास हवा.

मग मुलाशी बोलावे कसे? ‘तुला काय व्हायचे आहे?’ हा प्रश्न या वयात निरुपयोगी असतो. मुलाने पाहिलेले व्यवसाय चार-पाच. तो त्यांतीलच एकाचे नाव घेतो, किंवा वडिलांना जे ऐकावयाचे आहे ते सांगतो. त्यापेक्षा आठवी, नववी आणि दहावी अशी तीन वर्षांची गुणपत्रके शेजारी शेजारी मांडावीत. एका वर्षीचे गुण शिक्षक बदलल्याने, आजारपणाने, सोप्या प्रश्नपत्रिकेने वरखाली होतात. तीन वर्षांची रेघ सहसा फसवीत नाही. कोणता अभ्यास न सांगता केला जातो, कोणती वही कोरी राहते, हे आईला बहुधा ठाऊक असते आणि तिला कोणी विचारीत नाही. दहावीची परीक्षा २०२४ पासून कर्नाटकात वर्षातून एकाहून अधिक वेळा देता येते, तेव्हा एका विषयात घसरलेल्या मुलाच्या आयुष्याचा निर्णय पहिल्या निकालाच्या संध्याकाळी घेण्याची निकड उरलेली नाही.

निकाल आणि प्रवेश यांच्या मधले दिवस बहुतेक घरांत चौकशीत जातात. याच दिवसांत गावातील एखाद्या पीयूसीच्या विद्यार्थ्याकडून पहिल्या वर्षाची पुस्तके चार दिवसांसाठी मागून आणावीत : भौतिकशास्त्राचे, जीवशास्त्राचे, लेखाकर्माचे आणि इतिहासाचे. मुलाने रोज सकाळी एका पुस्तकातील पहिला धडा वाचावा, अडलेले शब्द तीन स्तंभांच्या वहीत उतरवावेत, आणि रात्री जेवणानंतर तो धडा घरच्यांना मराठीत समजावून द्यावा. कोणत्या रात्री तो अधिक वेळ बोलला, कोणत्या रात्री आजीच्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी पुस्तक पुन्हा उघडले, ते पाहावे. पाचव्या दिवशी अर्ज भरावयास बीदरला जावे.